हँगरमधलं आंदण

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात सुई होती आणि सुई एका बाईच्या शिरेत. अशा वेळी मी फोन घेत नाही. हात हलला तर पेशंट ओरडतो, मग लॅबचा मालक ओरडतो, आणि मला कोणाचं ओरडणं ऐकून घ्यायची हौस नाही. फोन वाजून बंद झाला आणि लगेच परत वाजला. बाईच म्हणाली, घ्या मॅडम, घरी काही झालं असन. तिनं घर म्हटल्यावर मला बाबा आठवले आणि मी डाव्या हातानं फोन कानाशी धरला. पलीकडे एक तरुण माणूस होता, नागपूरकडचा वाटावा असा साफ बोलणारा. रीना चिंधू रंगारी का, म्हणाला. हो म्हटलं. तो म्हणाला, मी धावपट्टीवरून बोलतोय, इथला नवीन व्यवस्थापक, चौकीदार चिंधूजींच्या कागदांवर वारस म्हणून तुमचा नंबर दिसला. वारस हा शब्द ऐकून मी विचारलं, बाबांना काय झालं. पण तो म्हणाला, नाही नाही, बाबा ठीक आहेत, सामानाबद्दल बोलायचं होतं, हँगरमध्ये तुमचं जे सामान ठेवलंय ते रविवारपर्यंत उचला, नाहीतर आम्हाला बाहेर काढावं लागेल. मी म्हटलं, राँग नंबर. तो म्हणाला, लोखंडी कपाट, दिवाण, ड्रेसिंग टेबल, गाद्या आणि दोन पोती भांडी आहेत मॅडम, भांड्यांवर नाव कोरलंय, रीना अश्वजित, मंगल परिणय. सुई मी कधी काढली ते मला आठवत नाही. कापूस लावायचा राहिला आणि त्या बाईच्या कोपरातून रक्त ओघळून टेबलावर आलं.

आमच्याकडे त्या सामानाला आंदण म्हणतात. लग्नात बापानं पोरीला दिलेलं. शहरातल्या माणसाला ते नुसतं कपाट आणि दिवाण दिसेल, पण गावात तसं नसतं. आंदण नवऱ्याच्या घरात आहे तोवर बाई त्या घरची, मग ती स्वतः कुठं का पडलेली असेना. आंदण परत आलं की संपलं. कोर्ट, वकील, सह्या हे मागाहूनचे सोपस्कार. गावाच्या रस्त्यावर उलट्या दिशेनं कपाट बांधलेला टेम्पो दिसला की फारकत झाली, कोणी विचारायला जात नाही. आणि माझं आंदण चार वर्षांपासून बपेऱ्याला अश्वजितच्या घरी होतं. होतं म्हणजे मला तसं सांगितलं होतं. अश्वजितनं मला तुमसरच्या स्टँडवर बसमध्ये बसवून दिलं, चार दिवस राहून ये म्हणाला, खिडकीतून पाण्याची बाटलीसुद्धा दिली, आणि न्यायला आला नाही. भांडण नाही, मारझोड नाही, दारू नाही. त्याच्या आईला नोकरी करणारी सून नको होती आणि त्याला आईशी वाद नको होता. एवढ्याशा कारणानं बाई टाकता येते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चार दिवसांचे महिने झाले तेव्हा बाबा बपेऱ्याला जाऊन आले. अंगणात चपला काढता काढता म्हणाले, सामान तिथंच हाय, जसंच्या तसं, नातं तुटलं नाही, येतीन ते लोकं. ती तेव्हा थाप नसेलही, त्या दिवशी कदाचित खरंच असेल. पण पुढं दर वेळी मी विचारलं आणि दर वेळी त्यांनी तेच सांगितलं, खाली बघून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. मला वाटायचं बापाला लाज वाटते. लाज कसली, खोटं बोलताना माणूस खालीच बघतो.

लॅबच्या मालकाला मी सांगितलं की मला गावी जायचं आहे. तो म्हणाला अर्धा दिवस कापीन. काप म्हटलं. एरवी मी त्याला अहो-जाहो करते. भंडाऱ्याहून निघालेली बस कारध्याच्या पुलाआधीच अडकली, पुढं ट्रकांची रांग, खाली वैनगंगा उन्हाळ्यात असते तशी, वाळूत इकडंतिकडं पाणी. बस उभी राहिली की आतला उकाडा माणसाच्या डोक्यात चढतो. शेजारची म्हातारी संत्र्याच्या गोळ्या चघळत होती आणि मलाही एक देत होती, आणि मला तिच्यावर, तिच्या गोळीवर, ट्रकवाल्यांवर, सगळ्यांवर खेकसावंसं वाटत होतं. मी इश्वरचा विचार करत होते. करायचा नाही असं ठरवून करत होते. लॅबच्या खाली औषधाचं दुकान आहे, तिथं तो कामाला होता. साकोलीकडचा. चहा पिताना एकदा म्हणाला होता, तुमचं तिकडचं संपलं असेल तर मला सांगा. बस, एवढंच. आजकालचे लोक किती काय काय बोलतात, तो एवढंच बोलला आणि कप ठेवून खाली गेला. मी त्याला सांगितलं, माझं सामान अजून तिकडंच आहे. त्याला समजावून सांगावं लागलं नाही, आपल्याकडचाच माणूस, त्यानं मान हलवली. पुढच्या दिवाळीनंतर त्यानं पुन्हा एकदा विचारलं. सामान आलं का, असं विचारलं. मी बाबांना फोन केला, बाबा म्हणाले तिथंच हाय, मी इश्वरला तेच सांगितलं. मग त्याचं लग्न झालं. मला बोलावलं, मी गेले, जेवले, वरमाईशी गोड बोलले. आता त्याला पोरगी आहे, तिला ताप आला तेव्हा तिचं रक्त मीच काढलं आणि ती रडली म्हणून मीच तिला चॉकलेट दिलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं का, कोण जाणे. ते बघायला मिळालंच नाही ना. दाराला कुलूप आहे म्हणून मी बाहेर थांबले, आणि दाराला कुलूपच नव्हतं, आतून बापानं ते हात लावून धरलं होतं. बस सुटली. म्हातारीची गोळी मी घेतली आणि दातांनी कडकड फोडली.

लाखनीला उतरून ऑटो केला. आमच्या गावाकडं जायचा रस्ता आधी धावपट्टीच्या कडेनं जातो. ही धावपट्टीसुद्धा एक तऱ्हाच आहे. भंडारा जिल्हा फुटला, खरंखुरं विमानतळ गोंदियाच्या वाट्याला गेलं, तेव्हा आपल्याही जिल्ह्यात विमान उतरलं पाहिजे असा कोणा पुढाऱ्याला झटका आला आणि आमच्या गावच्या धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं, गेली. मोठी विमानं कधी आली नाहीत. विमान शिकवणारा एक क्लब आला, त्याचं एक लहानसं पांढरं विमान आलं, आणि त्या एका विमानासाठी पत्र्याचं एवढं थोरलं हँगर उभं राहिलं, ज्यात आमच्या गावातली सगळी घरं माणसांसकट मावली असती. हँगर जिथं आहे ती आमची जमीन. तिला आम्ही मोठी बांधी म्हणायचो, वर्षाचं धान त्या एका बांधीतून निघायचं. जमिनीचे पैसे आले त्यातून बाबांनी माझं आंदण घेतलं, भंडाऱ्याच्या दुकानात स्वतः जाऊन, दिवाणावर दोनदोनदा बसून बघून. आई माझ्या लग्नाच्या आधीच गेली होती, म्हणून तिच्या वाटचीही निवड त्यांनीच केली. आणि त्यांना चौकीदारीची नोकरी मिळाली, आपल्याच वावराची चौकीदारी. कुंपण पडलं, पत्रा चढला, पण बाबांच्या डोक्यातून बांधी गेली नाही. अजूनही ड्युटीवर जाताना म्हणतात, मोठ्या बांधीत जाऊन येतो. मला त्याचं कौतुक वाटायचं. गावात येणाऱ्या मैत्रिणींना मी ते हसत हसत सांगायचे.

बाबा गेटवरच होते. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. मला भर दुपारी ऑटोतून उतरताना बघून त्यांना समजलं. माणसाचा चेहरा पडतो म्हणतात तसा नाही पडला, उलट घट्ट झाला. जेवलीस का, म्हणाले. मी म्हटलं, हँगर उघडा. ते म्हणाले, साहेबाले विचारा लागन. मी म्हटलं, साहेबानंच बोलावलं. तेवढ्यात तो साहेबच आला, निकेश नावाचा, माझ्याहून वयानं लहान असावा, कपाळावर घाम, हातात चाव्या. तो भला माणूस निघाला, हे एक माझं नशीबच वाईट. वाईट असता तर मला त्याच्यावर मन भरून ओरडता आलं असतं. हँगरच्या दारावर नवा रंगवलेला फलक होता, रंगाचा वास अजून येत होता. विमान, विमानाचे सुटे भाग व विमानाच्या कामाचे साहित्य याखेरीज कोणतीही वस्तू आत ठेवण्यास मनाई. मला हसू आलं, रागाचं हसू. आतमध्ये विमानाच्या एका बाजूला कापड पांघरलेली एक लांबलचक गाडी उभी होती. मी विचारलं, ही कोणत्या विमानाचा सुटा भाग आहे. निकेश म्हणाला, ती क्लबच्या मालकांची आहे, ते आले की हीच वापरतात, म्हणजे एक प्रकारे विमानाच्या कामाचीच. मी म्हटलं, मग माझा दिवाण पायलटच्या झोपेच्या कामाचा समजा. तो बिचारा हसला. म्हणाला, मॅडम, गाडीबद्दल मी वर लिहिलंय, माझं कोणी ऐकत नाही, पण गाद्यांचं तुम्हीच बघा, कापूस आणि विमानाचं पेट्रोल एका छपराखाली, एक ठिणगी पडली तर पहिल्यांदा तुमचे बाबाच आत असतील. त्याचं बरोबर होतं. हाच तर संताप. नियम बरोबर होता, नियम सांगणारा बरोबर होता, आणि इतक्या वर्षांत माझ्याशी खरं बोलणारा हा पहिलाच माणूस होता, तोही नियमापायी.

मग तो सहज म्हणाला, खरं तर तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, आधी मी चिंधूजींनाच विचारलं होतं, पण ते म्हणाले कोणाचं आहे माहीत नाही, तीन-चार वर्षांपासून असंच पडलं आहे. मी बाबांकडे बघितलं. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. कोणाचं आहे माहीत नाही. दिवाणावर दोनदोनदा बसून बघणारा माणूस. भांड्यांवर नाव टाकणाऱ्याच्या शेजारी दिवसभर उकिडवा बसून, रीनाचा री दीर्घ काढ रे बाबा, असं बजावणारा माणूस. निकेशला बाप-लेकीतलं काही कळलं असावं, तो ऑफिसात निघून गेला.

सामान विमानाच्या शेपटीमागं, पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवलं होतं, वरून ताडपत्री. मी ती ओढली. धूळ उडाली, नाकात उंदराच्या लेंड्यांचा वास गेला, त्यात विमानाच्या तेलाचा. गाद्या एकावर एक, एका कोपऱ्यातून कापूस बाहेर आलेला. ड्रेसिंग टेबलच्या आरशावर दुकानातला खाकी कागद तसाच चिकटलेला. म्हणजे तो बपेऱ्याला कोणी काढलासुद्धा नाही. मी त्या घरात होते ते दिवस त्या आरशात कोणी बघितलं नाही, मीही नाही, सासू म्हणायची नजर लागते काचेला, राहू दे. कपाटाला हात लावला. पत्रा तापलेला होता, हँगरच्या आत ऊन नव्हतं तरी. लोखंडाचा चटका लागावा इतका उन्हाळा बाहेरून आत आला होता. मला वाटलं होतं हे बघून मी रडेन, बसमध्ये त्याची तयारीही केली होती, रुमाल हातात काढून ठेवला होता. रडू आलंच नाही. मला फक्त दिसत होतं की हे सगळं इथं होतं. मी भीमजयंतीला गावात येऊन जेवून जात होते तेव्हा इथं होतं. इश्वर चहाचा कप खाली ठेवत होता तेव्हा इथं होतं. मी भंडाऱ्याच्या खोलीत सतरंजीवर झोपत होते, कंबर धरत होती, आणि दिवाण इथं विमानाशेजारी पडला होता. या धावपट्टीवरून क्लबचं विमान उठलं की आमच्या गावावरून वळायचं, पोरं टाळ्या वाजवायची, मीही एकदा मान वर करून बघितलं होतं. रोज हँगर उघडून विमान बाहेर ढकलणारे लोक माझं आंदण बघत होते, आणि मला माहीत नव्हतं.

बाबा मागं येऊन उभे होते. मी विचारायच्या आधीच बोलले, आणि बोलले तेसुद्धा भलतंच. म्हणाले, "आपल्याच बांधीत ठेवलं. कोणाच्या घरात नाही ठेवलं." जसं काही मी जागेचं भाडं विचारत होते. त्यांना खरंच वाटत होतं की जमीन आपली, मग पत्रा कोणाचा का असेना, आपली वस्तू आपल्या वावरात ठेवली तर त्यात चुकलं काय. उद्या कोणी म्हटलं असतं की धान लावा तर त्यांनी विमानाच्या चाकाखाली रोवणं केलं असतं. मी म्हटलं, ट्रॅक्टर बोलवा. ते म्हणाले, सांजच्याले पाहू, ऊन उतरल्यावर, तलावाच्या पारेवरून, गावाच्या मागून नेऊ, तिकडं कोणी नसते. मी म्हटलं, आत्ता. आणि पारेवरून नाही, विहारासमोरून, सगळ्यांच्या दारावरून. ते म्हणाले, रीना, लोकं का म्हणतीन. मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारण्यात आला आहे की एखाद्या दिवशी मी लोकांनाच जाऊन विचारेन की बाबांनो, तुम्ही नेमकं म्हणता तरी काय.

धनीरामचा ट्रॅक्टर आला. धनीराम आमच्या शेजारचा शेतकरी, सरकारी खरेदीच्या दिवसांत गावाचं धान तोच केंद्रावर नेतो, बाकी वर्षभर मिळेल ते भाडं करतो. त्यानं सामानाकडं बघितलं, बाबांकडं बघितलं आणि काही न बोलता ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला. मला तेव्हाच समजायला हवं होतं. ज्या माणसाला दोन पोती गहू न्यायचा असला तरी कोणाचा, कुठला, काहून एवढाच, असं सगळं विचारल्याशिवाय चैन पडत नाही, तो एक शब्द बोलला नाही. कपाट चढवायला निकेशही आला, साहेब असून खांदा लावला. गाद्यांमधून एक उंदीर निघाला आणि विमानाखालून पळाला. दोराचा शेवटचा फास बाबांनी बांधला. त्यांच्या गाठी कधी सुटत नाहीत. मी ट्रॉलीत दिवाणावर बसले, सगळ्यांना दिसेल अशी, पाय खाली सोडून. बाबांना म्हटलं या वर. ते म्हणाले मी चालतो. ड्युटी सोडून, शिट्टी गळ्यात तशीच ठेवून ते ट्रॉलीच्या मागं चालत आले.

धावपट्टीपासून गाव लांब नाही. तेवढ्या रस्त्यात मी वाक्य तयार केलं. कोणी विचारलं, हे काय गं रीना, तर सांगायचं, माझं आंदण आहे, परत आलं आहे, माझ्या बापानं विमानाशेजारी लपवून ठेवलं होतं. आवाज चढवून सांगायचं. रडून नाही. सगळ्या गावाच्या कानावर जाईल असं. बाबांची मान खाली जाईल, जाऊ दे. चार वर्षं माझी खाली होती. हे वाक्य मी तोंडात इतकं घोळवलं की ते एखाद्या भाषणासारखं झालं आणि मला त्याची चटक लागली. मला कधी नव्हे ते कोणीतरी विचारायला हवं होतं. गावात शिरलो. मोहाचे दिवस, प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली, सगळ्या गल्लीला त्यांचा गोड आंबूस वास. बाया सावलीला बसल्या होत्या. ललिताबाईनं मान वर केली आणि परत फुलं पसरवायला लागली. एका घरासमोर रस्त्यात बैलबंडी उभी होती, घरातला माणूस आला, बंडी बाजूला ओढली आणि धनीरामला हातानं चल चल केलं. कोणी बघत राहिलं नाही. कोणी तोंडाला पदर लावला नाही. विहारासमोर पोरं क्रिकेट खेळत होती, ती बाजूला झाली आणि ट्रॉली पुढं गेल्यावर पुन्हा खेळायला लागली. माझं वाक्य तोंडातच राहिलं. मला वाटलं, एवढी मी नगण्य झाले की काय यांना, की माझा संसार ट्रॉलीवरून जातो आहे आणि कोणाला त्याचं काही नाही.

ताराबाईच्या घरासमोर नालीवरचा रस्ता अरुंद आहे, तिथं ट्रॅक्टर हळू करावा लागतो. ताराबाई आईची मैत्रीण, मी तिला मावशी म्हणते. ती उठून जवळ आली, ट्रॉलीच्या कडेला हात टेकला आणि म्हणाली, "आणलंस बाई? बरं केलंस. गाद्या त उंदरानं खाल्ल्या असतीन."

मी धनीरामला थांब म्हटलं. त्यानं इंजिन बंद केलं.

"तुले माहीत होतं, मावशी?"

"आता घ्या. कोणाले माहीत नाही?" ताराबाई म्हणाली. "बपेऱ्याहून आलेला टेम्पो इथंच फसला होता, या नालीत. रोवण्याचे दिवस, कंबरभर चिखल. आमी सगळ्या बाया बांधीतून आलो, आमीच धक्का मारला. तुहा बाप हात जोडून म्हणे, माह्या रीनाले कोणी सांगू नोका. मंग कोणी नाही सांगतलं." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "सांगतलं का कोणी तुले? एका तरी माणसानं?"

नाही. एकाही माणसानं नाही. मी येत होते, या बाया मला बसायला पाट देत होत्या, चहा करत होत्या, मोहाच्या दिवसांत मोह आणि चिचेच्या दिवसांत चिच बांधून देत होत्या, आणि कोणी म्हणून कधी विचारत नव्हतं की जावई का येत नाही. मला वाटायचं किती समजूतदार गाव आहे. बाकीच्या गावांत बाईला असं झालं तर टोचून मारतात, आमच्याकडं नाही. लॅबमध्ये मी हे सांगितलंही होतं, आमच्या गावचे लोक वेगळे आहेत. वेगळेच म्हणायचे. रस्त्यासाठी हे गाव कधी एक झालं नाही, नळासाठी झालं नाही, बांध्या गेल्या तेव्हा पैसे कमी मिळाले म्हणून बोंबलायला सुद्धा दहा जण एका बाजूला दहा एका बाजूला. माझ्याशी खोटं बोलायला मात्र म्हाताऱ्यांपासून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपर्यंत सगळे एक झाले आणि त्यांतला एकही फुटला नाही. गावापासून लपवलं आहे, असं समजून मी वाक्य तयार केलं होतं. गावापासून काही लपलेलं नव्हतं. जिचं आंदण तिच्यापासूनच तेवढं लपवलं होतं. आणि सगळ्यांनी ते मायेनं केलं होतं, ताराबाईचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता, तिचा अंगठा मला थोपटत होता. त्या हाताचा मला इतका राग आला की मी तो उचलून बाजूला ठेवला. ती जरा चमकली. काय चुकलं तिला कळलं नाही.

मी खाली उतरले आणि मागं गेले. बाबा फाळक्याशी उभे होते. उन्हानं तोंड काळवंडलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, शब्द तर सकाळपासून जमवत होते, पण तोंडातून एकच निघाला.

"काहून, बाबा?"

ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. बाया ऐकत होत्या, धनीराम मान फिरवून बसला होता. मग बाबांनी वर बघितलं, या सगळ्या काळात पहिल्यांदा माझ्याशी बोलताना वर बघितलं.

"तुले समजलं असतं," ते म्हणाले, "त तू त्याची वाट पाहणं सोडून देलं असतं."

"हो," मी म्हटलं. "सोडून देलं असतं."

त्यांना ते कळलं की नाही मला माहीत नाही. ते माझ्याकडं बघत राहिले, जणू अजून काहीतरी मी बोलणार आहे. मग ते नेहमीसारखे कामाला लागले, पुढं होऊन आमच्या घराकडच्या वळणावरचे दगड पायानं बाजूला करायला लागले, ट्रॉली आत वळावी म्हणून. मी वर चढले आणि धनीरामला म्हटलं, घराकडं नाही, सरळ घ्या, भंडाऱ्याला जायचं आहे. तो म्हणाला, एवढं सामान तुह्या खोलीत मावन का. मी म्हटलं, कपाट आणि दिवाण मावतील, गाद्या गावाबाहेर आखराच्या मोकळ्या मैदानात जाळू. त्यानं इंजिन सुरू केलं. बाबा दगड सोडून धावत आले आणि त्यांनी फाळका धरला. धरून चालायला लागले. मी त्यांना हात सोडा म्हटलं नाही आणि वर या असंही म्हटलं नाही. ताराबाईच्या घरापुढं रस्ता मोकळा होतो, तिथं धनीरामनं गिअर बदलला, ट्रॅक्टर पळायला लागला आणि त्यांचा हात सुटला. मी वळून बघितलं. बाबा रस्त्यात उभे होते, सगळ्या बाया फुलं टाकून त्यांच्याकडं निघाल्या होत्या, आणि ताराबाईनं त्यांना बसायला घरातून खाट बाहेर आणली होती.